पडद्यांचा रंग छापला नव्हता

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, बायको म्हणते आता सोडा तो विषय. नाही सुटत. गंमत म्हणजे हा राग कुठल्या गुन्हेगारावर नाही, कारण त्या प्रकरणात गुन्हेगार नव्हताच. राग आहे तो एका बातमीवर, ती छापणाऱ्यावर, ती वाचून साक्षीदार झालेल्या सभ्य गृहस्थांवर, आणि सगळ्यांच्या आधी माझ्या स्वतःवर. नाव मी कुणाचंच देणार नाही. एक निरपराध माणूस मात्र यात भरडला गेला, तेवढं विसरू नका.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. आमच्या ठाण्याच्या हद्दीत सरकारी क्वार्टर्सची मोठी वसाहत होती आणि तिच्यात पंधरावीस मराठी घरं होती.

जानेवारीतल्या एका दुपारी चारच्या सुमारास वसाहतीतून फोन आला. पहिलीतली सहा वर्षांची मुलगी शाळेतून घरी पोचली नव्हती. फोन करणाऱ्या शेजाऱ्याने खबर देतादेताच निकालही देऊन टाकला, "रिक्शेवाले को पकड़िए जी, वही लेके गया होगा." ठाणेदारसाहेबांनी आडनाव ऐकलं आणि माझ्याकडे बोट केलं. "मराठी फॅमिली है, तू जा. तेरे से खुलकर बात करेंगे." रोजनामच्यात नोंद करून मी निघालो.

घरात आई रडून रडून अर्धी झाली होती. वडील मंत्रालयातून धावत आलेले, त्यांना काही सुधरत नव्हतं. टेबलावर स्टीलच्या नव्या वाटीत तिळगूळ, शेजारी हळदकुंकवाच्या पुड्या. ते बघून मला माझ्या आईचं घर आठवलं. आपलं घर, आपली माणसं. आई म्हणाली, "मी साडेबारापासून दारातच उभी होते हो! एकसारखी रस्त्याकडे बघत होते. रिक्षा आलीच नाही." मी लिहून घेतलं. दारात उभी होती म्हणजे होती. शंका घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

रिक्षावाला बिहारकडचा, चाळिशीचा. सायकलरिक्षाच्या मागे पत्र्याची पेटी, तिच्यात दोन बाकं, त्यावर दाटीवाटीने बसलेली अकरा मुलं. नऊ वर्षं तो याच वसाहतीतली मुलं शाळेत नेत होता. मुलांच्या बुटाच्या नाड्या बांधायचा, कुणाला ताप असला तर घरी निरोप द्यायचा. अशा माणसाची सगळी कमाई म्हणजे आयाबापांचा भरवसा. तो गेला की सगळं गेलं. ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती, म्हणून ठाण्यात आल्यापासून तो प्रत्येकापुढे गयावया करत होता.

तो म्हणाला, "साहब, एक बजे गली के मोड़ पर उतारा, जैसे रोज़ उतारते हैं. बच्ची अंदर गई, हमने देखा. दरवाज़े पर कोई नहीं था."

झालं! आई म्हणते मी दारात होते, हा म्हणतो दारात कुणी नव्हतं. दोघांपैकी एक खोटं बोलत होता. कोण, ते ठरवायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. एकीकडे शिकलेली बाई, शुद्ध मराठी बोलणारी, नवरा सरकारी अधिकारी. दुसरीकडे फाटक्या स्वेटरमधला रिक्षावाला. मी त्याला हवालातीत टाकलं. कागदोपत्री अटक दाखवली नाही, 'चौकशीसाठी बोलावले' एवढंच लिहिलं. त्या काळी असं सर्रास चालायचं, म्हणून ते बरोबर होतं असं नाही. हात उगारला का? हो, उगारला. दोन कानाखाली दिल्या. त्याने गालावर हात ठेवला आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, शब्दाचाही फरक नाही. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला कथा सजवतो, असं मीच नव्या पोरांना शिकवत असे. त्या दिवशी माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

संध्याकाळी सहाला आमच्या ठाण्यात वार्ताहर यायचा. स्थानिक हिंदी पेपरचा. रोजचा शिरस्ता होता, मुन्शीच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या हवालदाराच्या, टेबलावर चहा घ्यायचा, दिवसभराच्या चोऱ्यामाऱ्या टिपून घ्यायच्या आणि जायचं. मुलीचं प्रकरण ऐकून त्याचे डोळे चमकले. "सर, कुछ तो दीजिए. रिक्शेवाला अकेला थोड़े ही होगा?"

आता ऐका माझा शहाणपणा. माझ्या आधीच्या ठाण्यात एका अपहरणात पांढरी व्हॅन वापरली होती. ते डोक्यात होतं. मी म्हणालो, "हो सकता है कोई गाड़ी रही हो. सफ़ेद वैन वगैरह. देख रहे हैं." बस, एवढंच. कुणी व्हॅन पाहिली नव्हती, कुणी सांगितली नव्हती. ते माझं नुसतं तोंडाला येईल ते बोलणं होतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात ठळक मथळा. पडदे लावलेल्या पांढऱ्या व्हॅनमधून चिमुकलीचं अपहरण, रिक्षावाला टोळीला सामील, पोलीस सूत्रांची माहिती. मी वाचलं आणि हसू येईल तुम्हाला, मलाच वाटलं, अरे वा, म्हणजे व्हॅनचा सुगावा लागला वाटतं! छापलेल्या अक्षराची ही जादू बघा. जो बोलला त्यालाही आपलं बोलणं ओळखू येईना.

आणि दहा वाजल्यापासून ठाण्यात साक्षीदार यायला लागले. आदल्या दिवशी घरोघर विचारलं तेव्हा कुणी काही पाहिलं नव्हतं. आता एका दुकानदाराने पांढरी व्हॅन पाहिली होती. एका बाईंनी व्हॅन तर पाहिलीच, वर पडद्यामागे हलणारा छोटा हातसुद्धा पाहिला होता. मी जबाब लिहीत सुटलो. दोन स्वतंत्र साक्षीदार, दोघांचं वर्णन जुळतंय! ठाणेदारसाहेबांनी पाठ थोपटली. सगळ्या नाक्यांवर पांढऱ्या व्हॅन अडवायला सुरुवात झाली. बीट हवालदार वसाहतीत विचारत फिरू लागले, सफ़ेद वैन देखी क्या?

त्याच संध्याकाळी वसाहतीबाहेर जमावाने रिक्षावाल्याची रिक्षा फोडली. पेटी उचकटून नाल्यात टाकली. त्याच्या बायकोला झुग्गीतून बाहेर काढलं. ती बाई भांड्यांचं बोचकं घेऊन ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसली. मी आतबाहेर करताना ती उठून उभी राहायची आणि म्हणायची, "साहब, वो ऐसा आदमी नहीं है." मी म्हणायचो, तपास चालू आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक निवृत्त गृहस्थ आले. कोट, मफलर, हातात काठी. मोठ्या पदावरून उतरलेले, इंग्रजीत 'नागरी कर्तव्य' वगैरे बोलले. त्यांनी चहा घेतला आणि पांढऱ्या व्हॅनचं वर्णन सुरू केलं. पडद्यांपर्यंत आले तेव्हा मी सहज विचारलं, "पर्दे किस रंग के थे?"

गृहस्थ थांबले. "एक मिनट." कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी चष्मा काढला, मग घडी घातलेलं पेपरचं कात्रण काढलं, टेबलावर नीट पसरलं आणि बोट फिरवत वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "रंग तो लिखा नहीं है, जी."

हसावं की रडावं कळेना. मी विचारलं, "साहब, आपने खुद देखी वैन?" तर ते चिडले. "अखबार में छपा है. पुलिस ने खुद बताया है. तो क्या पुलिस झूठ बोलेगी?"

पोलिसांनी स्वतः सांगितलंय! ते पोलीस म्हणजे मी! माझंच बोलणं पेपरात गेलं, पेपरातून वसाहतीत गेलं आणि वसाहतीतून साक्ष होऊन माझ्याच टेबलावर परत आलं. आणि मी त्यालाच पुरावा समजून कुरवाळत बसलो होतो. कप्पाळ माझं!

मी वार्ताहराला बोलावून घेतलं. विचारलं, पडदे कुठून आणलेस? तो निर्लज्जासारखा हसला. "अरे सर, किडनैपिंग की गाड़ी में पर्दे तो होते ही हैं. थोड़ा मसाला न हो तो कौन पढ़ेगा?" मसाला म्हणे! तिकडे एका माणसाचा संसार रस्त्यावर आला आणि ह्याला फोडणीची काळजी. त्याला मी ठाण्याबाहेर काढला, पण खरं सांगतो, मसाल्याखालची डाळ माझीच होती.

मग मी कोरा कागद घेतला. प्रत्येक गोष्टीपुढे लिहिलं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं? व्हॅन, कुणीच नाही. पडदे, कुणीच नाही. टोळी, कुणीच नाही. एकेक ओळ खोडत गेलो. शेवटी कागदावर दोनच उरले, रिक्षावाला आणि मुलीची आई. मग पहिल्यांदा, तिसऱ्या दिवशी, मी आईच्या जबाबाकडे पोलिसाच्या नजरेनं पाहिलं. आणि मला टेबलावरची ती स्टीलची नवी वाटी आठवली.

संक्रांतीनंतरचे दिवस. नवी वाटी, तिळगूळ, हळदकुंकवाच्या पुड्या. अहो, ते वाण होतं, त्याच दिवशी आणून तसंच टेबलावर ठेवलेलं! वाण आपण आपल्या घरी स्वतःला देत नाही, दुसरीच्या हळदीकुंकवाला जाऊन आणतो. दिल्लीच्या थंडीत संध्याकाळी कोण बाहेर पडणार, म्हणून इथल्या मराठी बायका हळदीकुंकू दिवसा उन्हातच उरकतात, हे माझ्या घरातही चालत आलेलं. ठाण्यातला दुसरा कुठलाही अधिकारी ते ओळखू शकला नसता. ओळखायला मलाच पाठवलं होतं, आणि मी ती वाटी बघून आईच्या घरच्या आठवणी काढत बसलो!

साध्या कपड्यांत मी त्यांच्या घरी गेलो. नवरा बाहेर गेला होता. मी विचारलं, "वहिनी, ती वाटी कुणाकडची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. "भाऊ, मी बारापर्यंत परत येणार होते. बिल्कुल वेळेत निघाले होते. पण बसच आली नाही. घरी आले तेव्हा दोन वाजून गेले होते."

"मग दारात उभी होते असं का सांगितलंत?"

"ह्यांनी फोनवर पहिला प्रश्न तोच केला, तू कुठे होतीस? तोंडातून निघून गेलं, घरीच. मग ते मागे कसं घेऊ? आणि दुसऱ्या दिवशी पेपरात व्हॅनचं आलं. मला वाटलं, चला, म्हणजे माझ्यामुळे नाही झालं. ती व्हॅनच होती." त्या डोक्याला हात लावून रडू लागल्या. "खोटं नाही सांगत, मला तर खरंच वाटायला लागलं होतं की मी दारात उभी आहे आणि समोरून व्हॅन गेली."

मी चिडलो होतो, तरी ओरडलो नाही. विचारलं, घराला कुलूप दिसलं तर मुलगी कुठे जाईल? त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर. तिचे बाबा तिथेच उतरतात ना. ऑफिसच्या बसची तिला भारी हौस."

स्टॉपजवळ एक शेंगदाणेवाला बसायचा. मी त्याला मुलीचा फोटो दाखवला. तो लगेच म्हणाला, "हाँ साहब, परसों दोपहर को फैक्ट्री वाली बस में चढ़ी थी. फरीदाबाद वाली. हम समझे किसी के साथ है."

माझा आवाज चढला. "तीन दिन हो गए, तू बोला क्यों नहीं?"

तो शांतपणे पुड्या बांधत म्हणाला, "हवलदार साहब आए थे. पूछे, सफ़ेद वैन देखी? हमने कहा नहीं देखी. बस का तो किसी ने पूछा ही नहीं."

ठाण्यात परत येऊन मी फरीदाबादला फोन लावणार, तोच मुन्शीने चाचरत एक कागद पुढे केला. हरियाणा पोलिसांचा वायरलेस निरोप. कारखान्याच्या बसमध्ये मागच्या बाकावर झोपलेली सहा वर्षांची मुलगी सापडली आहे, शाळेच्या गणवेशात. निरोप आदल्या दिवशी सकाळीच आला होता! मुन्शीने तो बाजूला ठेवला होता, कारण त्यात 'बस' होतं आणि आमची मुलगी तर व्हॅनमधून गेली होती. पेपर त्यानेही वाचला होता ना!

मुलगी सुखरूप होती. बाबांच्या ऑफिसची बस समजून ती कारखान्याच्या बसमध्ये चढली होती. कारखान्यात काम करणाऱ्या एका नवराबायकोने चौकीत नोंद करून तिला आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती त्या बाईच्या मांडीवर बसून खिचडी खात होती. आईला बघून तिने पहिलं वाक्य म्हटलं, "आई, तू कुठे गेली होतीस?"

दुसऱ्या दिवशीचा पेपर बघा आता. 'पुलिस की मुस्तैदी से बच्ची बरामद.' आमच्या ठाण्याचं कौतुक! रिक्षावाल्याबद्दल एक ओळ नाही. मी पेपरच्या कचेरीत जाऊन खुलासा छापा म्हणालो. तिथल्या संपादकाने मला चहा पाजला आणि सांगितलं, "साहब, बेगुनाही कोई खबर नहीं होती." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच, तरी संन्यासी लटकला.

रिक्षावाल्याला सोडताना मी म्हणालो, माझ्याकडून चूक झाली. त्याने हात जोडले आणि एकच मागणं केलं. "साहब, वर्दी पहनकर एक बार साथ चल दीजिए. आप बोलेंगे तो लोग मानेंगे."

गेलो. पूर्ण गणवेशात, अकराच्या अकरा घरी. तो माझ्या मागे दोन पावलांवर, खाली मान घालून. प्रत्येक दारात मी सांगितलं की हा निर्दोष आहे, व्हॅन नव्हतीच, ते माझं चुकीचं बोलणं होतं. लोक आदराने ऐकायचे, बसा म्हणायचे. आणि मग? "आप कह रहे हैं तो ठीक है जी, पर अखबार में छपा था. कुछ तो होगा." दहा दारांत हेच. समोर गणवेशातला अधिकारी स्वतः उभा राहून सांगतोय की ते मी बोललो आणि ते खोटं होतं, तरी लोकांना चार दिवसांपूर्वीचा रद्दीतला कागद जास्त खरा वाटत होता! त्या दारांवर लाथा घालाव्यात असं वाटलं मला.

अकरावं घर त्या मुलीचं. आई बाहेर आली. नवरा मागे उभा, आजूबाजूच्या क्वार्टर्समधून लोक डोकावत होते. ती मोठ्याने म्हणाली, "मैं घर पर नहीं थी. मैंने झूठ बोला था. भैया ने सच कहा था." मग रिक्षावाल्याकडे वळून म्हणाली, "भैया, सोमवार से इसको आप ही ले जाना."

मला वाटलं, चला, एक तरी दार उघडलं. रिक्षावाल्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "नहीं बहनजी. अब हम बच्चे नहीं ले जाएँगे. कल किसी का बच्चा पाँच मिनट देर से पहुँचा तो?"

तो आठवडाभरात बायकोला घेऊन वसाहत सोडून गेला. कुणी म्हणे मानेसरकडे, कुणी म्हणे गावी. मी शोधलं, सापडला नाही.

त्यानंतर नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी प्रत्येक जबाबाला एक प्रश्न जोडला. हे तुम्ही पाहिलंत, की कुणी सांगितलं? सांगितलं असेल तर त्याला कुणी सांगितलं? मागे मागे जात राहायचं, डोळ्यांनी पाहणारा माणूस भेटेपर्यंत. पुष्कळदा तो भेटतच नाही. आणि भेटलाच तर बहुतेक वेळा तो असा असतो ज्याचं ऐकायची आपली तयारी नसते. आपल्या भाषेत बोलतो म्हणून कुणी खरा होत नाही आणि फाटका आहे म्हणून खोटा ठरत नाही, हे शिकायला मला एका माणसाच्या थोबाडीत मारावी लागली, याची लाज वाटते.

आज तर काय, प्रत्येकाच्या खिशात छापखाना! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुठल्या तरी पांढऱ्या व्हॅन येतात, पडद्यांसकट. मी विचारतो, हे कुणी पाहिलं? तर शिकलेसवरलेले लोक म्हणतात, "यार अंकल, फॉरवर्ड आलंय, कुछ तो होगा." परवा एकाने मला ग्रुपमधून काढून टाकलं. काढा. मी जिन्यात भेटून विचारेन.

राहता राहिली एक गोष्ट. त्या रिक्षावाल्याची माफी मी मागितली ती तोंडी. त्याची बदनामी मात्र छापील होती. म्हणून त्या 'पोलीस सूत्रा'ने आज छापून द्यायचं ठरवलं आहे, की तो माणूस खरं बोलत होता आणि मी नाही. तो हयात आहे की नाही, मला माहीत नाही. असला तरी हे त्याच्यापर्यंत पोचणार नाही, कारण त्याला मराठी वाचता येत नाही.